आईचं डोकं कुणाला आलं

फुलाबाई सोलापूर डेपोत कंडक्टर होती, आणि कंडक्टरच्या डोक्यात जे असावं लागतं ते तिच्याकडं चारचौघांपेक्षा जास्तच होतं. गाडीत पाय ठेवायला जागा नसली तरी कोण मोहोळला चढलं, कोण पेनूरला उतरणार, कुणाच्या पिशवीत कोंबडी आहे आणि कोण तिकीट चुकवायला मुद्दाम खिडकीबाहेर बघतंय, हे तिला मागं न वळता कळायचं. सोलापूर-नातेपुते गाडीवर ती असली की ड्रायव्हर निर्धास्त असत. मंगळवेढ्याच्या पलीकडच्या माळावर मेंढरं राखणाऱ्याच्या घरातून ती आली होती. तिचा बाप म्हणायचा, पोरीला आईचं डोकं आलंय. आई, केराबाई, अंधारात नुसत्या आवाजावरून कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं ते सांगायची.

ही केराबाई पन्नाशी ओलांडते न ओलांडते तोच बिघडली. आधी कोकरू भलत्याच मेंढीला लावलं, मेंढीनं ते ढुशी मारून उडवलं, आणि सगळे हसले. मग चुलीवरचं दूध उतू जाताना बघत बसली. मग एक दिवस अंगावर लुगडं न नेसता रस्त्यावर आली, तेव्हा कुणी हसलं नाही. तिचा भाऊ बिरुदेव असाच गेला होता. त्याला वेडा म्हणून गाव मोकळं झालं होतं. त्यांच्या बापाला शेवटी खांबाला बांधून ठेवत, हे घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे.

फुलाबाईला एकच भाऊ, अजिनाथ, तिच्याहून मोठा, ती त्याला आण्णा म्हणायची. त्याची बायको शालन. शालननं सांगून टाकलं की घरात वयात आलेली पोर आहे, असली बाई घरात ठेवता येणार नाही. अजिनाथ खाली बघून जमिनीवर काडीनं रेघोट्या ओढत राहिला. मग फुलाबाईनं आईला सोलापुरात आणलं, नीलमनगरातल्या आपल्या दोन खोल्यांत. नवरा सिद्धराम टॉवेलच्या कारखान्यात जायचा, मुलगी सोनम कॉलेजात. फुलाबाई ड्यूटीवर असली की शेजारची तेलुगू विणकर बाई दाराला बाहेरून कडी घालून मधूनमधून डोकावायची.

पुढं लोक फुलाबाईला म्हणायचे, तू आईची सेवा केलीस. हा शब्द ऐकला की तिचं तोंड कडू व्हायचं. सेवा कसली? घाण काढली. केराबाई भिंतीला हात पुसायची. भाकरीचे चावलेले तुकडे उशीच्या खोळीत कोंबायची, ते कुजून त्यांना बुरा यायचा. एकदा फुलाबाई ड्यूटीवरून आली तर आईच्या तोंडात नको ते होतं. फुलाबाईनं बोट घालून ते काढलं, आईनं बोटाला कडाडून चावा घेतला. फुलाबाईनं हात फिनेलनं इतका धुतला की कातडं सोललं. त्या वेळी तिला दया आली नव्हती, रडू आलं नव्हतं. आली होती ती किळस, पोटातून वर येणारी. ती किळस पाच वर्षं तिच्या घशाशी बसून होती. आई गेली त्या दिवशी तिनं सगळं घर धुऊन काढलं आणि मग पोटभर जेवली. कित्येक महिन्यांत अशी भूक लागली नव्हती.

आई जिवंत असतानाच सोलापुरातल्या एका मेंदूच्या डॉक्टरनं तिला समोर बसवून सगळं विचारून घेतलं होतं. मामाचं काय झालं, आजोबाचं काय झालं. मग शांतपणे सांगितलं होतं की अल्झायमरचा हा प्रकार रक्तातून येणारा दिसतो. तुम्हा भावंडांपैकी प्रत्येकाला तो येण्याची शक्यता अर्धी आहे. एकाला आला म्हणून दुसरा सुटला असं नसतं, प्रत्येकाचं वेगळं. रक्त तपासून कळू शकतं, पण जाणून घ्यायची सक्ती नाही. फुलाबाईनं हे नवऱ्याला सांगितलं आणि भावाला सांगितलं. भावानं फोनवर एवढंच म्हटलं की कुणापाशी बोलू नकोस, माझी पोरगी उजवायची आहे.

आई गेल्यावर तीन वर्षं काही झालं नाही. म्हणजे झालं असेल, पण तिनं बघितलं नाही. मग एके सकाळी चहाचं पातेलं उतरवायला तिनं हात पुढं केला आणि सिद्धरामला म्हणाली, ते द्या की, ते हे. त्या वस्तूचं नाव येईना. हातानं तिनं चिमटीची खूण केली. सिद्धराम हसून म्हणाला, सांडशी. त्यानं सांडशी दिली. तिनं चहा गाळला, आणि पहिला घोट घेताच तिला मळमळायला लागलं. त्या एका शब्दाच्या जागी जे भोक पडलं होतं, त्यातून आईच्या खोलीचा वास आला होता.

त्या दिवसापासून ती स्वतःवर पाळत ठेवायला लागली. डेपोत जाताना रिक्षात बसून थांबे म्हणायची: पाकणी, सावळेश्वर, मोहोळ, पोखरापूर, पेनूर, तुंगत, पंढरपूर. मग भंडीशेगाव, वेळापूर, माळशिरस, नातेपुते. सगळे आले तर बरं वाटायचं, पण पुढच्या चौकापर्यंतच. एखादा अडकला तर दिवस नासायचा. किडक्या दाताला जीभ लावून लावून त्याची घाण चव घेत बसावं तसं ते होतं. स्वतःची तिला शिसारी यायची. चाळीस गावं रोज पालथी घालणारी बाई, आणि रिक्षात बसून पोरासारखे पाढे म्हणतेय.

घरचे तिच्याहून वाईट. सिद्धराम माणूस मायाळू, पण भित्रा. जेवताना सहज विचारल्यासारखं विचारायचा, काल भाजी कुठली केली होतीस गं? सोनमच्या आत्याचं गाव कुठलं? फुलाबाईनं दोनदा उत्तर दिलं. तिसऱ्यांदा ताट पुढं सरकवून म्हणाली, "भाजी कुटली होती ते मला ठाऊक हाय. तुमी माझी परीक्षा घेताय ते बी मला ठाऊक हाय." सिद्धराम गप्प झाला. पण त्याचे डोळे गप्प झाले नाहीत. ती किल्ली शोधायला लागली की ते डोळे तिच्यामागं फिरत.

शेजारणीनं ब्राह्मीचं तेल आणून दिलं. नात्यातल्या कुणी फोनवर अक्रोडाचं चित्र पाठवलं, त्याखाली लिहिलं होतं की हे मेंदूसारखं दिसतं म्हणून मेंदूला चांगलं. डेपोतली एक जण म्हणाली, शब्दकोडी सोडव. सगळ्यांच्या बोलण्यात काळजी होती, आणि त्या काळजीच्या तळाशी एक चव होती, ती फुलाबाईला लगेच कळायची. आपल्या घरात नाही, हिच्या घरात आहे, अशी ती चव. तेलाची बाटली तिनं मोरीत ओतली.

आणि मग मोहोळचं झालं.

दुपारची गाडी होती, ऊन मी म्हणत होतं. अक्कलकोटकडचं एक म्हातारं जोडपं वेळापूरला लेकीकडं निघालं होतं. दोघं कानडी बोलणारी, त्यातल्या त्यात म्हाताऱ्याला थोडं मराठी येत होतं. मोहोळच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा तो फुलाबाईपाशी आला आणि म्हणाला की मला साखरेचा आजार आहे, लघवीला जाऊन येतो, गाडी थांबवा. फुलाबाई म्हणाली, जावा बाबा, थांबवते. तो उतरला. तेवढ्यात पासावरून एका कॉलेजच्या पोराशी तिचं वाजलं. पास जुना होता, पोरगं हुज्जत घालत होतं. ते मिटलं, आणि तिनं दोनदा घंटी ओढली. गाडी निघाली.

पेनूर आलं तेव्हा तिच्या दंडाला कुणीतरी हात लावला. म्हातारी होती. ती कानडीत काहीतरी सांगत होती, शेजारच्या रिकाम्या जागेकडं बोट दाखवत होती, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. इतका वेळ ती बहुधा ह्या आशेवर होती की माणूस मागच्या सीटवर कुठंतरी बसलाय. फुलाबाईनं ती जागा बघितली. कोण बसलं होतं इथं? दोन क्षण, खरोखर दोन क्षण, तिला काहीच आठवलं नाही. मग सगळं एकदम आठवलं.

ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली, मोहोळच्या कंट्रोलरला फोन केला. म्हाताऱ्याला मागच्या गाडीत बसवून दिलं होतं. पॅसेंजर कुरकुरत होते, उन्हानं पत्रा तापला होता. म्हातारा आला तेव्हा त्याचं धोतर पुढून ओलं होतं. गाडी सुटताना बघून तो तसाच मागं पळाला असणार. म्हातारीनं त्याला धरून जागेवर बसवलं आणि आपला पदर त्याच्या मांडीवर टाकला. फुलाबाई दोन सीटा सोडून उभी होती, तरी वास आला. तिनं तोंड फिरवलं आणि तोंड फिरवल्याबद्दल तिला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

ड्रायव्हर नंतर म्हणाला की चूक माझी पण आहे, आरसा बघायला पाहिजे होता. वरिष्ठांनी समज देऊन विषय संपवला. अशा गोष्टी होतात, कुणाहीकडून होतात, असंच सगळे म्हणाले. पण एका पॅसेंजरनं सगळं मोबाईलवर टिपलं होतं. म्हातारीचं रडणं, म्हाताऱ्याचं ओलं धोतर, आणि खांबाला धरून उभी असलेली फुलाबाई. त्यावर त्यानं गाणं लावलं होतं. दोन दिवसांत तो व्हिडिओ जिल्हाभर फिरला. खाली लोकांनी हसरी तोंडं चिकटवली होती. फुलाबाईनं तो एकदाच बघितला. गाणं लावलेलं तिला सगळ्यात घाण वाटलं.

चारच दिवसांनी शालनचा फोन आला. तिच्या लेकीला, वैष्णवीला बघायला नातेपुत्याची माणसं येणार होती. मुलगा पुण्यात कंपनीत, घरची शेती बागायती, स्थळ हातचं घालवायचं नव्हतं. आत्या हजर नसली तर लोक विचारतील, म्हणून यावं. पण कंडक्टर आहे असं म्हणू नये, एसटीच्या हापिसात आहे म्हणावं, कारण व्हिडिओ तिकडंही पोचला असेल. आणि आईचं कुणी काढलं तर शुगरनं गेली म्हणून सांगायचं. शालन हे सगळं अशा सुरात सांगत होती जसं काही फराळाला काय काय करायचं ते सांगतेय. फुलाबाईनं ऐकून घेतलं. भाचीसाठी जायला पाहिजे होतं. वैष्णवी गुणी पोर होती, आणि आजीला भेटायला सोलापूरला येणारी त्या घरातली ती एकटीच होती.

रजा टाकून ती सकाळच्या गाडीनं निघाली. तिऱ्हे, कामती, बेगमपूर. पॅसेंजर म्हणून बसली तरी ओठ हलत होते. मंगळवेढ्याला उतरून वस्तीवर पोचली तर अंगण सारवलेलं, खुर्च्या मांडलेल्या, आणि अजिनाथ एका खुर्चीत बसलेला. पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट. बहिणीला बघून त्याचा चेहरा फुलला. त्यानं विचारलं, "कुटल्या गाडीनं आलीस?" तिनं सांगितलं. पाणी प्यायली, बसली. तो म्हणाला, "कुटल्या गाडीनं आलीस?" तिला वाटलं, ऐकायला गेलं नसेल. पुन्हा सांगितलं. चहा आला. चहाची बशी हातात धरून त्यानं त्याच मायेनं तिसऱ्यांदा विचारलं, आणि तिनं तोंड उघडायच्या आत शालन घरातूनच ओरडली, "सोलापूरच्या गाडीनं आल्यात, कुटली असणार!" फार चपळ उत्तर होतं ते. रोज द्यायची सवय असलेल्या माणसाचं.

फुलाबाईनं मग भावाकडं नीट बघितलं. इस्त्रीच्या शर्टाच्या आत दुसरा एक मळका शर्ट होता, त्याची कॉलर बाहेर डोकावत होती. गळ्यातल्या टॉवेलचं एक टोक चावून चावून चिंध्या झालं होतं. ती जरा पुढं झुकली. टाल्कम पावडरचा वास आला, आणि पावडरच्या खालून दुसरा वास. ह्या दोन वासांची ही मिसळ तिनं पाच वर्षं आपल्या घरात घेतली होती.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक पोक्त चुलता. पोहे झाले, वैष्णवी येऊन बसली, नाव-शिक्षण विचारून झालं. शालन अजिनाथच्या शेजारी उभी होती आणि त्याला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर स्वतः देत होती. ह्यांचा घसा बसलाय, असं ती म्हणाली. मग चुलता भिंतीवरच्या केराबाईच्या फोटोकडं बघून म्हणाला, की ह्या तुमच्या आई ना, कशानं गेल्या? शालननं फुलाबाईकडं बघितलं. फुलाबाईच्या जिभेवर तो शब्द तयार होता. शुगर. तो थुंकून टाकावा तसा टाकायचा, एवढंच होतं.

पण त्याच्या आधी अजिनाथ बोलला. चांगल्या मोकळ्या आवाजात, घरधन्यानं पाहुण्याला सांगावं तसं.

"आय व्हय? आय कुटं जातीय. मेंढरं घेऊन माळावर गेलीया. यील की आता."

मुलाच्या आईनं पोह्याची बशी हळूच खाली ठेवली. शालन हसली, म्हणाली की हे असे गमतीदार आहेत, आईच्या आठवणीनं असं बोलतात. अजिनाथनं तिच्याकडं बघून मान डोलवली आणि टॉवेलचं टोक तोंडात घातलं.

आणि त्या क्षणी फुलाबाईच्या छातीवरचं काहीतरी सुटलं. गाडीचा ब्रेक सुटावा तसं, फुस्स करून. मी न्हाय. हा हाय. आईचं डोकं आण्णाला आलंय, मला न्हाय. दोघं भावंडं, एकाच्या वाट्याला गेलं, संपलं. तिला इतकं हलकं वाटलं की हसू येईल अशी भीती वाटली. ते हलकेपण एका श्वासाइतकंच टिकलं. पुढच्या श्वासाला तिला कळलं की आपल्याला कशाचा आनंद झालाय.

ती उठली, मागच्या दारानं शेरडांच्या गोठ्यामागं गेली आणि भडाभडा ओकली. आईची घाण काढताना ती इतकी कधी ओकली नव्हती. ही घाण काढता येण्यासारखी नव्हती, आतलीच होती. शिवाय तो हिशोबही खोटा होता. डॉक्टरनं तर बजावून सांगितलं होतं की भावाला आलं म्हणून बहीण सुटत नाही. म्हणजे भावाच्या जिवावर तिनं जे सुख घेतलं ते फुकटचंच होतं, तेही खोटं.

मागून पाण्याचा तांब्या आला. वैष्णवी होती, दाखवायच्या साडीत, कपाळावरची टिकली घामानं सरकलेली. फुलाबाईनं चूळ भरली. वैष्णवीनं सांगितलं की पप्पांचं दोन वर्षं झाली असंच चाललंय. मेंढरं विकायला लागली ती त्यामुळंच, ते कळप घेऊन निघायचे आणि एकटेच परत यायचे. आईनं कुणाला सांगायचं नाही म्हणून देवाची शपथ घातली आहे. मग तिनं विचारलं, "आत्या, मला बी व्हईल का?"

घरातून शालनचं हसणं ऐकू येत होतं. फुलाबाईला वाटलं, एवढं एक तरी खोटं बोलू नये.

"ठाऊक न्हाय. माझं मलाच ठाऊक न्हाय. पन डॉक्टर काय म्हनला ते समदं सांगते तुला. बस हितं."

दोघी गोठ्यामागच्या दगडावर बसल्या आणि फुलाबाईनं तिला सगळं सांगितलं. मामाचं, आजोबाचं, अर्ध्या शक्यतेचं, रक्ताच्या तपासणीचं. वैष्णवी रडली नाही. फक्त म्हणाली की हे मला लग्नाआधी कळलं ते बरं झालं.

पाहुणे गेले. पत्रिका जुळत नाही, असा निरोप दुसऱ्याच दिवशी आला. पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती.

पाहुणे गेले त्याच संध्याकाळी शालन फुलाबाईशेजारी येऊन बसली. आता तिचा सूर मऊ होता. तिनं सांगितलं की हे अंथरूण ओलं करतात, मध्येच उठून चालायला लागतात, एकदा विहिरीच्या काठावर सापडले. शेत कोण बघणार, पोरीचं कसं होणार. मग म्हणाली, "वन्सं, तुमी ह्यास्नी सोलापूरला न्या. डॉक्टर बी तितंच हाय. आन तुमाला सवय हाय."

सवय. फुलाबाईच्या मनात आलं, हिच्या तोंडावर थुंकावं. आपण पाच वर्षं जे गिळलं त्याला ही बाई सवय म्हणतेय. पण शालनच्या हातांकडं तिचं लक्ष गेलं. बोटांच्या कडांची सालं निघाली होती, फिनेलनं निघतात तशी. ह्या बाईनं दोन वर्षं एकटीनं केलं होतं, लपवून लपवून. म्हणून तिच्याबद्दलची चीड कमी झाली असं नाही. पण थुंकायचं तेवढं राहिलं.

"न्हाय वयनी," ती म्हणाली. "मी न्हेनार न्हाय. घाणीची सवय कुनाला बी हुत न्हाय. डॉक्टरकडं मी दावते. दर ऐतवारी यीन, आंगुळ घालीन, तुमी त्या दिशी झोपून काडा. पर माझ्या घरात पुन्यांदा ते नगं."

शालन बरंच बोलली. सख्खा भाऊ, लोक काय म्हणतील. फुलाबाईनं ऐकून घेतलं आणि शब्द बदलला नाही.

अजिनाथला तिनं सोलापूरला त्याच डॉक्टरकडं दाखवलं. रक्त बाहेरगावी गेलं, आणि काही आठवड्यांनी कळलं की तोच दोष आहे. मग डॉक्टरनं तिच्याबद्दल विचारलं. सोबत सोनम होती. डॉक्टरनं फुलाबाईची आठवणीची परीक्षा घेतली, ही मात्र खरी. शब्द पाठ करायला लावले, घड्याळ काढायला लावलं, उलटे आकडे म्हणायला लावले. रक्तात जीवनसत्त्व कमी निघालं, आणि झोप तर तिला कित्येक महिन्यांत धड लागली नव्हती. डॉक्टर म्हणाला की आज तरी तुम्हाला तो आजार दिसत नाही. असं विसरणं न झोपलेल्या, घाबरलेल्या माणसाला होतंच. पुढं येणार का, ते आता रक्तावरून नक्की सांगता येईल, तुम्हाला हवं असेल तर.

फुलाबाईनं बाही वर केली. कोपराच्या आतल्या बाजूची निळी शीर बघितली. तिला वाटलं, ह्यात काय आहे ते कळलं तर ही शीर आपल्याला रोज दिसेल. अंघोळीला, जेवताना, तिकीट फाडताना. तिनं सोनमकडं बघितलं. सोनम म्हणाली, "तुला करायचं तर कर आई. पण मला आत्ताच सांगू नकोस. माझं मी ठरवीन तेव्हा ठरवीन." फुलाबाईनं बाही खाली घेतली. डॉक्टरला म्हणाली, आज नको. डॉक्टरनंही जोर केला नाही.

जीवनसत्त्वाची इंजेक्शनं झाली, झोपेचं थोडं सुधारलं. शब्द अडकायचे ते कमी झाले, थांबले नाहीत. रिक्षातले पाढे मात्र तिनं ठरवून बंद केले. जीभ आपोआप तिकडं गेली की ती ओठ दाताखाली धरायची. सिद्धरामला तिनं सांगितलं की मला तुमच्यासमोर विसरू द्या, नाहीतर मी वेगळी राहीन. तो घाबरून हो म्हणाला, आणि बऱ्याच अंशी पाळलंही.

ड्यूटीवर तिनं एक पद्धत सुरू केली. स्टँडवरून निघताना घंटी ओढायच्या आधी मोठ्यानं म्हणायचं, शेजारचं माणूस जाग्यावर हाय का बघा. लोक पहिल्यांदा हसले. व्हिडिओवाली बाई हीच का, असंही कुणी कुजबुजलं. पण माना वळायच्या, शेजारी बघायच्या, आणि कुणी ना कुणी ओरडायचं, थांबा मॅडम, एक जण राहिलाय. दुसऱ्या दोन कंडक्टरांनीही मग तसं विचारायला सुरुवात केली.

दर ऐतवारी ती मंगळवेढ्याला जाते. वैष्णवी पाणी तापवून ठेवते आणि बाहेर निघून जाते. बापाला उघडा बघायचा नाही, एवढं तिनं आत्याकडून मागून घेतलंय. ती आता मंगळवेढ्यात एका मेडिकलच्या दुकानात काम करते. लग्नाचं तूर्त कुणी काढत नाही. शालन आत जाऊन पडते आणि मेल्यासारखी झोपते.

परवाच्या ऐतवारी अजिनाथ न्हाणीत हट्टाला पेटला होता. विजार सोडू देईना. सोडली तेव्हा आतलं सगळं मांड्यांना वाळून चिकटलं होतं. फुलाबाईनं नाकाला पदर बांधला, तरी उमासा आला. ती भिंतीला टेकून थांबली, डोळ्यांत पाणी आलं, आणि एवढ्या वर्षांत जे तिनं आईला एकदाही तोंडावर म्हटलं नव्हतं ते तिच्या तोंडून निघून गेलं.

"आण्णा, लई घाण वाटती बग मला."

अजिनाथ थरथरत उभा होता. त्यानं खाली आपल्या पायांकडं बघितलं, मग बहिणीकडं बघितलं, आणि अगदी ओळखीच्या, शहाण्या माणसाच्या आवाजात म्हणाला, "मला बी."

फुलाबाईनं तांब्या भरला. पाणी फार कढत नाही ना ते हाताला बघितलं आणि त्याच्या पाठीवर ओतलं. तो गप उभा राहिला. तिनं साबण लावला, मांड्या घासल्या, पुन्हा एकदा तोंड फिरवून थुंकली आणि पुन्हा घासायला लागली. जितकं निघायचं तितकं निघालं.